ऑस्ट्रेलिया: आधी सरकार उतरले, मग समाज घडला

गलबत:

ऑस्ट्रेलियाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते: 'तो देश कैद्यांनी वसवला, म्हणून तिथली माणसे मोकळीढाकळी आणि कुणाचा रुबाब न सहन करणारी.' ऐकायला हे छान वाटते, पण त्या वसाहतीच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांविषयी जसजसे वाचत गेलो तसतसा माझा त्यावरचा विश्वास उडत गेला. तिथल्या समाजात जी बरोबरीची भावना दिसते तिचे मूळ मला कैद्यांच्या बंडखोर रक्तापेक्षा सरकारी शिध्यात, मजुरांच्या टंचाईत आणि न्यायालयाच्या दाराशी सापडते. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील वसाहती स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडला आपले गुन्हेगार पाठवायला जागा उरली नाही. तुरुंग भरून वाहू लागले, तेव्हा थेम्स नदीत उभ्या केलेल्या मोडक्या जहाजांत कैदी कोंबले गेले. अखेर १३ मे १७८७ रोजी अकरा जहाजांचा ताफा पोर्ट्समथहून निघाला आणि २६ जानेवारी १७८८ रोजी आजच्या सिडनीच्या किनाऱ्याला लागला. त्यात सुमारे साडेसातशे कैदी होते आणि कॅप्टन आर्थर फिलिप हा पहिला गव्हर्नर होता. इतर अनेक वसाहतींत आधी व्यापारी गेले, त्यांच्यामागून सैन्य गेले आणि राज्यकारभार सर्वांत शेवटी आला. इथे सरकार जहाजातून उतरले आणि ज्यांच्यावर राज्य करायचे ती रयतही त्याच जहाजांतून उतरवली गेली. दुकान नाही, जमीनदार नाही, पाद्र्याची जहागीर नाही. जे काही होते ते सरकारी कोठारात होते. पहिली दोन-तीन वर्षे उपासमारीची गेली, तेव्हा फिलिपने कैदी आणि सैनिक यांना सारखाच शिधा लावला आणि स्वतःच्या खासगी साठ्यातील पीठही कोठारात जमा केले. सैनिकी अधिकाऱ्यांना हे अजिबात रुचले नाही.

माझ्या मते सर्वांत बोलकी घटना मात्र जुलै १७८८ मधली आहे. हेन्री केबल आणि त्याची बायको सुझाना हे दोघेही शिक्षा झालेले कैदी होते. निघताना लोकांनी वर्गणी काढून त्यांना कपडे आणि पुस्तके अशा सामानाचे एक गाठोडे घेऊन दिले होते. ते 'अलेक्झांडर' नावाच्या जहाजावर चढवले गेले आणि प्रवासात गहाळ झाले. या जोडप्याने जहाजाचा कप्तान डंकन सिंक्लेअर याच्यावर सरळ दावा ठोकला. इंग्लंडच्या कायद्यानुसार अशी शिक्षा झालेल्या माणसाला दावा लावण्याचा हक्कच नव्हता. तरीही न्यायालयाने दावा दाखल करून घेतला आणि कप्तानाने पंधरा पौंड भरून द्यावेत असा निकाल दिला. वसाहतीतील हा पहिला दिवाणी खटला. दोन कैदी एका इंग्रज कप्तानाला न्यायालयात खेचतात आणि जिंकतात, ही गोष्ट त्या काळच्या इंग्लंडमध्ये कुणी ऐकून घेतली नसती.

असे का झाले? न्यायाधीश फार उदार होता म्हणून झाले, असे मानण्याची गरज नाही. जिथे बहुसंख्य लोक कैदीच आहेत, तिथे कैद्याला कायद्याच्या बाहेर ठेवले तर कायदा लागू करायला माणसेच उरत नाहीत. मजुरीचेही तेच. सुरुवातीच्या काळात सरकारी काम दुपारी तीनच्या सुमारास संपे आणि त्यानंतरचा वेळ कैद्याचा स्वतःचा असे. त्या वेळेत तो पैसे घेऊन दुसऱ्याचे काम करी आणि आपल्या खोलीचे भाडे भागवी. शिक्षा संपलेल्या एकट्या पुरुषाला तीस एकर जमीन, लग्न झालेले असल्यास आणखी वीस आणि प्रत्येक मुलामागे दहा एकर द्यावी, अशी फिलिपला लंडनचीच सूचना होती. इंग्लंडमध्ये ज्याने गुंठाभर जमिनीचे स्वप्न पाहिले नसते, तो चोर इथे शेतकरी होत होता.

गव्हर्नर मॅक्वारी (१८१० ते १८२१) याने तर माजी कैद्यांना जेवणाच्या मेजावर बोलावले आणि त्यांच्यातील काहींना दंडाधिकारी नेमले. त्याचा सरकारी वास्तुविशारद फ्रान्सिस ग्रीनवे हा खोटा दस्तऐवज केल्याबद्दल हद्दपार झालेला होता. १८१३ मध्ये नाण्यांची टंचाई आली, तेव्हा मद्रासहून आलेले चाळीस हजार स्पॅनिश डॉलर मधोमध भोक पाडून चलनात आणले गेले: बाहेरचे कडे पाच शिलिंगांचे आणि मधली टिकली पंधरा पेन्सची. भोक असे की वसाहतीबाहेर ते नाणे कुणी घेऊ नये. ते पाडण्याचे काम विल्यम हेनशॉल याच्याकडे दिले गेले आणि तोही खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा झालेला होता! कसब ज्याच्या हातात होते त्याला कामाला लावण्यावाचून सरकारपुढे दुसरा मार्गच नव्हता.

तेव्हा माझे म्हणणे असे की, तिथला सामान्य माणूस सरकारला शत्रू मानत नाही. तो सरकारला आपले कोठार मानतो आणि कोठारातला वाटा सर्वांना सारखा मिळावा एवढा आग्रह धरतो. १९०७ च्या 'हार्वेस्टर' निकालात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल मजुराला दिवसाला सात शिलिंग मिळालेच पाहिजेत असे ठरवले. बायको आणि तीन मुले असलेल्या माणसाला सभ्यपणे जगायला काय लागते याचा त्यांनी हिशेब मांडला होता, मालकाला किती परवडते याचा मांडला नव्हता. मला त्या निकालात फिलिपच्या शिध्याचा वास येतो. जाणकारांनी मत द्यावे.

शिशिरऋतू:

लेख आवडला, पण बंडखोरीला तुम्ही फारच सहज निकालात काढले आहे. १८०४ च्या मार्चमध्ये कॅसल हिल येथे आयरिश कैद्यांनी उठाव केला, त्याचे काय? १८५४ च्या डिसेंबरात व्हिक्टोरिया वसाहतीतील बॅलराटच्या सोन्याच्या खाणींवर युरेका येथे खाणकामगारांनी लाकडी तटबंदी उभारून सैन्याशी झुंज दिली, त्याचे काय? महिन्याला तीस शिलिंगांचा परवाना आणि तो तपासताना पोलिसांची अरेरावी, हे त्यांना असह्य झाले होते. या दोन्ही घटना तुमच्या चित्रात कुठे बसतात हे समजले नाही.

गलबत:

शिशिरऋतू, युरेकाचा उल्लेख तुम्ही केलात हे बरे झाले, कारण तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे असे मी म्हणेन. लढाई पहाटे काही मिनिटांतच संपली आणि कामगार हरले. पण त्यांचा पुढारी पीटर लेलर, ज्याचा एक हात त्या चकमकीत गेला, तो वर्षभरातच विधिमंडळात जाऊन बसला. परवान्याची जाचक पद्धत रद्द झाली आणि १८५६ मध्ये व्हिक्टोरियात गुप्त मतदान सुरू झाले. बंडखोर इतक्या लवकर आमदार होतो, तो समाज बंडाचा कमी आणि अर्ज-विनंत्यांचा जास्त असतो. कॅसल हिलचे बंड मात्र खरोखर बंड होते आणि ते निर्दयपणे चिरडले गेले. तिथे मूळ ठिणगी १७९८ च्या आयर्लंडमधील उठावाची होती, त्यामुळे ते मी वेगळे धरतो.

यारातीरकर:

मी बरीच वर्षे मेलबर्नला राहतो, म्हणून प्रत्यक्षातले थोडे लिहितो. इथे केंद्रीय निवडणुकीत मतदान १९२४ पासून सक्तीचे आहे आणि कारण न देता चुकवले तर वीस डॉलरचा दंड येतो. माझ्या पहिल्या निवडणुकीच्या शनिवारी मी शाळेच्या पटांगणात रांगेत उभा होतो. पुढे एक बांधकाम मजूर होता, मागे बहुधा वकील असावेत अशा बाई होत्या, आणि बाजूला शाळेच्या मदतीसाठी पालक मंडळी पावात सॉसेज घालून विकत होती. सक्तीबद्दल तक्रार करणारे मला त्या दिवशी कुणी भेटले नाही. मी सहज विचारले तर मजूर म्हणाला, यात काय एवढे, कर भरतो तसेच हे. 'साहेबाला न जुमानणारे लोक' अशा वाक्यावर वाढलेल्या मला तो धक्काच होता.

दुसरा अनुभव कमी गोड आहे. माझ्या कुंपणाची झुडपे ठरलेल्या उंचीपेक्षा वाढली, तेव्हा शेजाऱ्याने मला एका शब्दानेही न विचारता थेट नगरपालिकेकडे तक्रार केली. नंतर तोच माणूस मला नावाने हाक मारून, खांद्यावर हात टाकून बोलला. रुबाब कुणाचाच चालत नाही हे खरे, पण नियमाचा चालतो. टॅक्सीत एकटा पुरुष प्रवासी ड्रायव्हरच्या शेजारी पुढे बसतो ही जुनी पद्धतही अजून अधूनमधून दिसते. वागण्यातली बरोबरी आणि नियमांचे प्रेम या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, हे धागाकर्त्यांच्या मांडणीने मला प्रथमच नीट उलगडले.

माळरान:

चर्चा रंगली आहे, पण इतका वेळ एक प्रश्न कुणीच विचारलेला नाही. ती तीस एकर जमीन कुणाची होती?

कोठारातला वाटा सारखा, असे आपण म्हणतो तेव्हा कोठारात जे भरले गेले ते हजारो वर्षे त्या भूमीवर राहणाऱ्या लोकांचे होते, हे सांगितल्याशिवाय चित्र अर्धवट राहते. १७८९ मध्ये देवीची साथ आली आणि सिडनीच्या आसपासच्या मूलनिवासींपैकी फार मोठा हिस्सा तिने नेला. पुढे लोकर हा वसाहतीचा मुख्य धंदा झाला आणि मेंढ्यांचे कळप सरकारने आखलेल्या सीमेपलीकडे पसरत गेले. तिथे सरकारने काय केले? १८३६ पासून वर्षाला दहा पौंड घेऊन परवाने दिले. त्याच्या आदल्याच वर्षी जॉन बॅटमन याने आजच्या मेलबर्नजवळ मूलनिवासींशी करार करून जमीन घेतल्याचा दावा केला होता. करार फसवणुकीचाच होता, पण गव्हर्नर बर्कने तो फेटाळला त्याचे कारण वेगळे होते: जमीन राजसत्तेची आहे, ती विकण्याचा अधिकार मूलनिवासींना नाही.

आता केबल पती-पत्नींच्या खटल्याशेजारी मायल क्रीक ठेवून पाहा. १० जून १८३८ रोजी मेंढ्या-गुरे राखणाऱ्या बारा जणांनी किमान २८ मूलनिवासी माणसांना दोराने बांधून नेले आणि ठार केले. त्यांत बायका, म्हातारी माणसे आणि मुले होती. मारेकऱ्यांपैकी अकरा जण कैदी किंवा माजी कैदी होते. जो एकटा स्वतंत्र वसाहतकरी त्यांच्यात होता, तो निसटला आणि कधीच पकडला गेला नाही. पहिल्या खटल्यात पकडलेले सर्व सुटले; दुसऱ्यांदा खटला चालवून सात जणांना फाशी झाली आणि त्यावरून वसाहतीतील गोऱ्या समाजात संतापाची लाट उसळली. घटना पाहिलेला एक मूलनिवासी तरुण तिथे होता, पण त्याची साक्ष घेता आली नाही, कारण ख्रिस्ती शपथ न घेऊ शकणाऱ्या माणसाची साक्ष तेव्हा ग्राह्य धरली जात नसे. पन्नास वर्षांपूर्वी ज्या न्यायालयाने चोराला दावा लावू दिला, त्याच्या वारसाने या तरुणाला पिंजऱ्यात उभे राहू दिले नाही. दार उघडे होते ते जहाजातून उतरलेल्यांसाठी.

तुमच्या लाडक्या हार्वेस्टर निकालाचेही तसेच आहे. उत्तरेकडील गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर राबणाऱ्या मूलनिवासींना पीठ, साखर, चहा आणि नाममात्र पैसे मिळत. १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या मागे वेव्ह हिल येथील गुरिंजी या मूलनिवासी जमातीचे कामगार काम सोडून निघाले. मागणी मजुरीची होती, ती लवकरच जमिनीची झाली. नऊ वर्षांनी, १९७५ मध्ये, पंतप्रधान व्हिटलम यांनी जमीन परत दिल्याची खूण म्हणून लिंगियारींच्या ओंजळीत मूठभर माती ओतली. 'ही भूमी कुणाचीच नव्हती' ही कल्पना न्यायालयाने नाकारली ती ३ जून १९९२ रोजी, माबो खटल्यात. खटला लढवणारे एडी माबो त्याआधी सुमारे साडेचार महिने वारले होते. आणि १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मूलनिवासींच्या सल्लागार मंडळाचा प्रस्ताव साठ टक्क्यांच्या आसपास मतांनी फेटाळला गेला. एकाही राज्यात त्याला बहुमत मिळाले नाही. विरोधातील एक मुख्य युक्तिवाद कोणता होता, आठवते? सर्व नागरिक समान आहेत, मग एकाच गटाला वेगळा आवाज कशाला! समतेची भाषा अशीही वापरता येते.

गलबत:

माळरान, हा आक्षेप मला मान्य आहे. मी जमिनीचा उल्लेख बक्षीस म्हणून केला आणि ती आली कुठून हे लिहिले नाही. मात्र यामुळे माझी मांडणी रद्द होते असे मला वाटत नाही, ती अधिक कठोर होते. कैद्याला आत घेणे सरकारला परवडले, कारण त्याला देण्यासाठी जमीन होती. आणि जमीन होती, कारण तिच्या मालकांना कायद्याने माणूस म्हणून मोजलेच नाही. १९०१ मध्ये संघराज्य झाल्याबरोबर नव्या संसदेने जे पहिले महत्त्वाचे कायदे केले, त्यांत गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा स्थलांतराचा कायदा होता. अधिकारी कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घेई आणि नको असलेला माणूस नापास होई. आतल्यांत बरोबरी ठेवायची तर दार बंद ठेवावे लागते, असे तेव्हाच्या मजूर पुढाऱ्यांनाही मनापासून वाटत होते. ही बाजू मूळ लेखात यायला हवी होती.

सनावळी:

एक दुरुस्ती. सगळा ऑस्ट्रेलिया कैद्यांचा नव्हता. १८३६ मध्ये वसलेल्या साउथ ऑस्ट्रेलियात कैदी पाठवायचे नाहीत ही अटच होती. तिथली योजना अशी की, जमीन फुकट न वाटता ठरलेल्या भावाने विकायची आणि त्या पैशातून मजुरांचे जहाजभाडे भरायचे. धर्माच्या बाबतीत मोकळीक होती, म्हणून प्रशियातून ल्यूथरपंथीय जर्मन आले आणि द्राक्षमळे लावून बसले. याच प्रांताने १८५८ मध्ये टॉरेन्सची नोंदणी पद्धत आणली, म्हणजे जमिनीचा मालक कोण हे जुन्या कागदांच्या गठ्ठ्यावरून न ठरवता सरकारी नोंदवहीवरून ठरवायचे. ती पुढे जगभर पसरली. स्त्रियांना मताधिकार देणारा आणि निवडणुकीला उभे राहू देणारा कायदाही तिथलाच, १८९४ चा. धागाकर्त्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे समता जर कैद्यांच्या वसाहतीतून उपजली, तर कैदी नसलेला प्रांत सर्वांत पुढे कसा?

गलबत:

चांगला प्रश्न आहे. पण तिथेही सरकार आणि योजना आधी आली, माणसे नंतर, हे तुमच्याच प्रतिसादातून दिसते. मी 'कैदी' या शब्दापेक्षा 'सरकारी वसाहत' या शब्दावर भर द्यायला हवा होता, हे कबूल.

कस्तुरी:

या चर्चेत तीस एकर 'एकट्या पुरुषाला' मिळत होते हे सर्वांनी वाचले आणि कुणी थांबले नाही, म्हणून लिहिते. १८६८ पर्यंत सुमारे एक लाख साठ हजार कैदी पाठवले गेले, त्यांत स्त्रिया साधारण सातात एक. त्यांच्यासाठी पॅरामाटा आणि होबार्ट येथे 'फॅक्टरी' नावाच्या संस्था होत्या. सूतकताई, धुलाई, बाळंतपण आणि शिक्षा हे सगळे त्या एकाच आवारात चाले, आणि लग्नासाठी बायको हवी असलेले पुरुषही तिथेच येऊन निवड करीत. मेरी रीबीचे उदाहरण सगळे देतात: तेराव्या वर्षी मुलाच्या वेशात घोडा चोरताना पकडली गेली, पुढे नवऱ्यामागे जहाजे आणि गोदामे सांभाळून श्रीमंत झाली आणि आता वीस डॉलरच्या नोटेवर आहे. उदाहरण खरे आहे, पण ते एका विधवेचे आहे. नवरा जिवंत असेपर्यंत तेव्हाच्या कायद्याने मालमत्ता त्याचीच असे. आणि हार्वेस्टरच्या हिशेबातली ती 'बायको आणि तीन मुले' लक्षात घ्या. पुरुषाची मजुरी कुटुंब धरून मोजली, म्हणून पुढची कित्येक दशके बाईची मजुरी त्याच्या जवळजवळ निम्म्यावर ठेवली गेली.

वाळवंटातील_उंट:

होबार्टच्या सहलीत कैद्यांच्या नोंदवह्यांच्या प्रती पाहिल्या होत्या. उंची, रंग, भुवयांचा आकार, दंडावरचे गोंदण, सगळे लिहिलेले. एवढे तपशील असूनही टास्मानियातील घराण्यांनी तीन-चार पिढ्या पूर्वज कैदी असल्याचे दडवले. १८५३ मध्ये कैदी येणे थांबले आणि तीनच वर्षांत बेटाचे व्हॅन डीमेन्स लँड हे बदनाम नावच बदलून टास्मानिया केले गेले. आता उलटी लाट आली आहे. आमच्या वाटाड्याने आपला पूर्वज मेंढीचोर होता हे पहिल्या पाच मिनिटांतच अभिमानाने सांगितले.

अवांतर: केबलच्या गाठोड्याचे पुढे काय झाले? पैसे मिळाले का?

गलबत:

गाठोडे सापडले नाही, त्यातील थोडी पुस्तके तेवढी मिळाली होती, आणि बाकीच्याची भरपाई म्हणून पंधरा पौंडांचा निकाल झाला. हेन्री केबल पुढे मुख्य हवालदार झाला, सील प्राण्यांच्या कातड्यांच्या व्यापारात त्याने पैसा केला आणि त्या दोघांना अकरा मुले झाली. हवालदारकी मात्र १८०२ मध्ये गेली, कारण बंदरात आलेल्या एका जहाजावरून त्याने बेकायदा डुकरे विकत घेतली होती.